कुंताबाईचं दुखणं

लाखनीहून आत, तलावाच्या पाळीखाली वसलेल्या त्या गावात धानाच्या रोवणीचा विषय निघाला की कुंताबाईचं नाव निघायचंच. साठी उलटलेली बाई, पण चिखलात उतरली की तरण्याताठ्या सुनांना मागं टाकायची. डाव्या हातात धानाच्या कोवळ्या पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताच्या बोटांनी रोप चिखलात खुपसायचं, पाऊल मागं घ्यायचं, पुन्हा खुपसायचं. एकदा वाकली की धानाच्या बांधीचा दुसरा धुरा, म्हणजे पलीकडचा बांध, येईपर्यंत सरळ होत नसे. बायका म्हणायच्या, "या बुढीच्या कमरेत देवानं हाड घातलंच नाही." बोलणाऱ्यांचं काय जातं. कुंताबाई मात्र असं कौतुक कानावर आलं की गप्प व्हायची आणि पदर डोक्यावर पुढं ओढून घ्यायची. गावाला वाटायचं, बाई साधी आहे, तिला मोठेपणाची लाज वाटते. लाज नव्हती ती, भीती होती. हेच कौतुक तिनं लहानपणी आईच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्याचं पुढं काय झालं तेही पाहिलं होतं.

तिचं माहेर आंधळगावच्या बाजूचं. घरी भाऊ कवडू, त्याच्या पाठची कुंता आणि धाकटी शकुन. शकुन दिसायला उजवी, पण अंगानं कधी भरली नाही. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर, ओठ फिक्के, आणि पाण्यात उतरली की हातापायांची हाडं धरून बसायची. "हाडं फुटून राहिली माय," एवढंच म्हणायची. ओरडायची नाही. नडग्यांना मिठी मारून, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसायची आणि तुकड्या-तुकड्यानं श्वास घ्यायची. मग दोन दिवसांत ती बरी व्हायची, हसायची, चिंचा पाडायला पळायची. त्यामुळं तर घात झाला. रोवणीच्या दिवसांत दुखतं आणि रोवणी आटोपली की दुखत नाही, या दुखण्याला घरात कोण मान देणार?

आई काही कैदाशीण नव्हती. शकुनच्या पायांना मोहाच्या बियांचं तेल गरम करून तीच चोळायची. पण बांधीत पाणी उभं असताना आणि पऱ्हे पिवळे पडत चाललेले असताना कोणत्याही शेतकरणीचा जीव जसा वरखाली होतो तसा तिचाही व्हायचा. मग तिच्या तोंडून ते वाक्य निघायचं, "कुंताकडे पाह्य जरा. एकाच पोटच्या तुमी दोघी, एकाच गंजातला भात खाता, एकाच पाण्यात उभ्या राहता. तिले काही होत नाही, मंग तुलेच काहून होते?"

शकुन पाय आणखी जवळ ओढून घ्यायची. कुंता आपली मान खाली घालून रोप खुपसत राहायची, आणि तिचा हात जितका भराभर चालायचा तितकं आईचं बोलणं खरं ठरत जायचं.

त्या वर्षी श्रावणात झड लागली होती. वारा अंगाला झोंबत होता. शकुन धुऱ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. आईनं तेच वाक्य म्हटलं, आणि शकुन उठली. काही न बोलता पाण्यात उतरली आणि कुंताच्या डाव्या हाताला येऊन रोवायला लागली. कुंता पुढं, ती वीतभर मागं. दिवस मावळायच्या आत ती चिखलातच बसली. घरी आणली तेव्हा अंगात ताप, छातीत कळा, श्वास पुरत नव्हता. वैद्य झाला, मांत्रिक झाला. बाहेरचं झालं असं सगळ्यांनी ठरवलं, आणि ती गेली तेव्हा गावच्या तलावाच्या पलीकडं तिला पुरून आले. आईनं ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. पण कुंता समोर आली की आई दुसरीकडं पाहायला लागली, ती मरेपर्यंत.

कुंताला कोणी दोष दिला नाही. द्यायला काही नव्हतंच. तिनं शकुनला वाईट बोललं नव्हतं, पाण्यात ओढलं नव्हतं. ती फक्त धडधाकट होती. ज्या मापानं तिची बहीण मोजली गेली ते माप ती स्वतः होती, आणि हे कोणाजवळ बोलायची सोयसुद्धा नव्हती. आपलं एकदा तरी डोकं दुखलं असतं, एकदा तरी पाय लचकला असता, तर शकुन वाचली असती, असं तिला वाटायचं. सासरी आल्यावरही वाटत राहिलं. रोवणीला उतरली की तिच्या डाव्या हाताला कोणीतरी वीतभर मागं रोवत असायचं. पाण्याचा आवाज यायचा, श्वास यायचा. कुंताबाई तिकडं पाहायची नाही. एवढ्यासाठीच ती भराभर रोवायची, आणि एवढ्यासाठीच लोक तिची तारीफ करायचे.

मुलगा भुपेंद्र लग्नाचा झाला तेव्हा तिनं भावाची मुलगी कामिनी मागितली. आपल्याकडं मामाची पोरगी करायची जुनी रीत, त्यात माहेराचं माणूस घरात येणार. कुंताबाईला वाटलं, तुटलेलं काहीतरी जोडलं जाईल. कामिनी आली, सासूला आत्याच म्हणत राहिली, आणि घर खरोखर भरलं. मग गुड्डी झाली. गुड्डी चालायला लागली, बोलायला लागली, आणि एका थंडीत तिचे इवलेसे हात-पाय सुजून आले. डोळे पिवळसर झाले. पोरगी रडत नव्हती. नडग्या धरून, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसली होती. कुंताबाईनं ते पाहिलं आणि चुलीवरचं सगळं तसंच टाकून पोरीला पदरात घेतलं. तिच्या हातातली पळीसुद्धा तशीच राहिली.

गुड्डीचं दुखणं सिकलसेल म्हणून निघालं. आता त्याला नाव होतं, तपासणी होती, औषध होतं. रोज एक कॅप्सूल, भरपूर पाणी, आणि थंडी-वारा, गार पाणी यांच्यापासून जपायचं. भुपेंद्रनं जपलं, खोटं कशाला बोला. पोरीला पाठीवर घेऊन एस्टीला उभा राहिलेला बाप गावानं पाहिला आहे. पोरगी कण्हली की हा माणूस अंगणात येरझारा घालायचा आणि कोणी विचारलं तर गुरं पाहून राहिलो म्हणायचा.

गुड्डी आठवीत गेली त्या उन्हाळ्यात लाखनीच्या दवाखान्यात अपेक्षा मॅडम म्हणून नवीन डॉक्टरीण आली. साकोलीकडच्या शेतकऱ्याची पोरगी, बोलायला मोकळी. तिनं सगळ्या घराची तपासणी करायला लावली. कुंताबाई नको म्हणत होती, पण गुड्डीनं हात धरून बसवली. रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनं तो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि रक्त परत मागितलं. दुसऱ्यांदाही तेच आलं. मग तिनं सगळ्यांना समोर बसवलं.

"कुंताबाई, जे गुड्डीले आहे तेच तुमाले आहे," ती म्हणाली. "अर्धं नाही, पूर्ण. जन्मापासून."

भुपेंद्र हसला. "मॅडम, माही माय आतापर्यंत तापानंही पडली नाही."

"तेच तर सांगून राहिली. आईच्या पोटात असताना पोराचं रक्त येगळं असते. जन्मल्यावर ते बंद पडते आन मोठ्या माणसाचं रक्त सुरू होते. हा रोग त्या मोठ्या माणसाच्या रक्तातला आहे. कुंताबाईच्या अंगातलं लेकराचं रक्त बंदच नाही पडलं. आजपर्यंत चालू आहे. ते रक्त रोगाले आवरून धरते." कुंताबाईच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही हे पाहून तिनं वेगळ्या वाटेनं सांगितलं. "बांधीच्या धुऱ्याले खेकडा भोक पाडते. भोकाचं तोंड काही सापडत नाही. मंग तुमी काय करता? आतून दुसरी छोटी पाळ घालता. भोक तसंच राहते, पण पाणी थांबते. तसं आहे हे. चूक दुरुस्त झाली नाही, तिच्या आडवी दुसरी पाळ पडली."

"कोणी घातली ती?" कुंताबाईनं विचारलं.

"कोणी नाही. कोणाच्या तरी अंगात आपोआप आलं असन, शेकडो पिढ्यामागं. ह्या रोगाची खोड अशी का अर्धा, म्हणजे माय-बापापैकी एकाचकडून आलेला, असला तर हिवतापातून माणूस वाचते. म्हणून इकडच्या जंगलपट्टीत तो टिकला, घरोघरी पसरला. मंग ज्याले पूर्ण आला तो मरे. पण ज्याच्यात ही दुसरी पाळ होती तो जगला, त्याले पोरं झाली, पोरायमधी ती पाळ उतरली. ज्यायच्यात नव्हती..." मॅडम थांबली.

कुंताबाई थांबली नाही. तिच्या डोळ्यांसमोर माणसांची लांब रांग आली, त्यात पुढं पुढं चालणारी आणि वाटेत नडग्या धरून बसलेली. बसलेल्यांना मागं टाकून रांग पुढं जात होती, आणि त्या रांगेच्या शेवटी ती स्वतः होती. आपल्या अंगातली ही पाळ पडायला किती शकुना लागल्या असतील, याचा हिशेब ती करायला लागली.

"माह्या बहिणीले होती का ती पाळ?" तिनं विचारलं.

"रोग एका जागी असते, पाळ दुसऱ्या जागी. दोन बहिणीत एकीले भेटते, एकीले नाही भेटत," मॅडम म्हणाली. मग ती भुपेंद्रकडं वळली. "गुड्डीत ते लेकराचं रक्त खूप कमी आहे. तिची कॅप्सूल तेच वाढवाचं काम करते. जे आजीच्या अंगात आपोआप होते ते गुड्डीत गोळीनं कराव लागते. समजलं ना?"

भुपेंद्रनं मान हलवली. समजलं म्हणाला. पण माणूस ऐकतो तेवढंच जेवढं त्याला हवं असतं. वर्षानुवर्षं ज्याला पोरगी हातची जाईल अशी धास्ती होती त्याला कोणीतरी सांगितलं होतं की हाच रोग अंगात घेऊन त्याची आई सासू झाली, आजी झाली, रोवणीत नंबर एक झाली. परतीच्या एस्टीत तो शेजाऱ्याला सांगत सुटला. घरी येईपर्यंत त्यानं ठरवूनही टाकलं, की पोरगी आजीवर गेली आहे.

गुड्डीलाही ते आवडलं. कोणाला नाही आवडणार? शाळेत जिला सगळे 'बिमार' म्हणायचे ती आता आजीसारखी होती. आषाढात चिखलणीच्या धबडग्यात कॅप्सूल संपल्या, त्या आणायला दिवस मोडायला कोणी गेलं नाही. कुंताबाईनं दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा भुपेंद्र म्हणाला, "तू खाल्ली होती का कधी गोळी?"

"माही गोष्ट येगळी. शकुनलेही हेच होतं बाबू. ती गेली."

"ते जुनं झालं माय. तेव्हा कोणाले काय समजे? आता रिपोर्ट आहे ना. तुह्याच रक्ताची आहे ती."

कुंताबाई तरी सांगत राहिली. ती चांगली होती हाच तिच्याविरुद्धचा पुरावा होता. ती जितकं समजावायची तितकी तिच्या ठणठणीत आवाजानं, ताठ कण्यानं तिचीच बाजू पडायची. कामिनी मधूनमधून म्हणायची, "आत्या म्हणते तर आणून टाका ना." तो म्हणायचा, आणतो.

श्रावणात झड लागली. मजूर मिळेनात, पऱ्हे पिवळे पडायला लागले. रविवार होता, शाळेला सुटी. "आजीसंग मीही येते," गुड्डी म्हणाली, आणि भुपेंद्रला त्याचं कौतुक वाटलं. कुंताबाई दारात आडवी उभी राहिली, तेव्हा नातच तिच्या कुशीतून हसत निसटली.

बांधीत पाणी गार होतं. वारा तलावावरून येत होता. बायका ओळीनं वाकल्या होत्या, कुंताबाईच्या शेजारी गुड्डी. सुरुवातीला पोरगी बडबडत होती. मग बडबड थांबली. मग हात थांबायला लागला. कुंताबाईनं पाहिलं, गुड्डी एका पायानं दुसऱ्या पायाची नडगी घासत होती.

"बाबा, पाय दुखून राहिले," गुड्डी म्हणाली.

भुपेंद्र धुऱ्यावरून पेंड्या फेकत होता. तो रागावला नाही. उलट हसून, अगदी लाडानं म्हणाला, "आजीकडे पाह्य बेटा. तिलेही तेच आहे, तिले होते का काही?"

कुंताबाईचा हात चिखलात गेला तो तिथंच राहिला. आई मरून जमाना झाला होता, आणि तिचं ते वाक्य आपल्या पोटच्या पोराच्या तोंडात कसं आलं हे तिला कळेना. तिनं गुड्डीकडं पाहिलं. पोरगी काही न बोलता पुन्हा वाकत होती. शकुन अशीच वाकली होती.

मग कुंताबाई पाण्यात खाली बसली. तिनं काही ठरवलं नव्हतं. नडग्यांना मिठी मारली, गुडघ्यांवर हनुवटी टेकवली, आणि श्वास तुकड्या-तुकड्यानं घ्यायला लागली. "हाडं फुटून राहिली," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. पुन्हा म्हणाली, तेव्हा सगळी ओळ थांबली.

हातातल्या पेंड्या सोडून बायका धावल्या. भुपेंद्रनं धुऱ्यावरून उडीच टाकली. चिखलात पडला, उठला, आईला लहान पोरासारखी उचलली. "माय, कुठं दुखते? माय, बोल ना." ज्या बाईला आजवर काही झालं नव्हतं तिला झालं होतं. त्या घराचा आधारच खचला.

"सगळीकडं," कुंताबाई म्हणाली. "पोट्टीले काढ पाण्यातून. असंच होते हे. पह्यले पाय, मंग छाती. पोट्टीले काढ."

शेजाऱ्याच्या गाडीत आजी आणि नात दोघींनाही घालून लाखनीला नेलं. पोहोचेपर्यंत गुड्डीला खरोखर ताप भरला होता. रक्त फार उतरलं होतं. सलाईन लागलं, रक्त चढवलं, ऑक्सिजन लागला. मॅडम म्हणाली, दिवस मावळेपर्यंत पाण्यात राहिली असती तर छाती धरली असती, मग माझ्या हातात काही उरलं नसतं. भुपेंद्र हे ऐकताना भिंतीला धरून उभा होता. कामिनीनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

कुंताबाईचं रक्त जसंच्या तसं होतं. मॅडमनं पडदा ओढून घेतला आणि तिच्याजवळ स्टूल घेऊन बसली. "कुंताबाई, तुमाले काय होत होतं?"

"जे पोट्टीले होणार होतं ते."

मॅडमनं कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "खोटं मी लिहिणार नाही. पण मले कोणी विचारलं नाही, तर मी सांगायले जाणार नाही." तिनं कुंताबाईला रक्तवाढीच्या साध्या गोळ्या लिहून दिल्या.

त्याला आता काही वर्षं झाली. गुड्डी कॉलेजात जाते. रोज जेवणानंतर आजी-नात समोरासमोर बसून आपापली गोळी घेतात, आणि कॅप्सूल संपायच्या आत भुपेंद्र दुसऱ्या आणून ठेवतो. त्या रविवारानंतर कुंताबाई बांधीत उतरली नाही. उतरू देत नाहीत, आणि उतरता येणारही नाही. रोवणीचा विषय निघाला की गावात आता दुसऱ्याच बाईचं नाव निघतं, आणि कुंताबाईबद्दल म्हणतात, बुढी एकदम बसली. ती धुऱ्यावर बसून ऐकते. हात शिवशिवतात. पायात बारा गावं चालायचं बळ आहे, पण उठताना ती गुडघ्यावर हात ठेवून उठते, आणि वारा सुटला की कण्हते. कण्हणं विसरून चालत नाही.

गेल्या श्रावणात अशीच झड होती. कुंताबाई गोधडी घेऊन पडली होती. भुपेंद्र शेतातून आला, हात-पाय धुतले, आणि तेल गरम करून आईच्या पायाशी बसला. "खूप दुखते का माय?" त्यानं विचारलं.

कुंताबाईला एकदम रडू फुटलं. तिनं एकदाच, खोटं खोटं, दुखतं म्हटलं होतं. अख्खी बांधी धावून आली होती, गाडी आली होती, डॉक्टर आली होती, आणि अजूनही तिचा लेक तिचे पाय मांडीवर घेऊन बसत होता. शकुन खरं सांगत होती, लहानपणापासून सांगत होती, आणि तिच्याकडं पाहायच्या ऐवजी सगळे कुंताकडं पाहत राहिले. विश्वास ठेवायला किती थोडा वेळ लागतो हे तिला आता माहीत होतं, आणि ते माहीत असणं सोसत नव्हतं.

"खूप दुखते बाबू," ती म्हणाली.

भुपेंद्रनं दिवा जरा जवळ ओढला आणि तो तिच्या नडग्यांना हळूहळू तेल चोळत राहिला.